‘महिन्याला एकच बंदूक’ म्हणजे नक्की काय? अमेरिकेतल्या राज्यांचे नियम स्वतः वाचायचे कसे

माझ्या ओळखीत अमेरिकेत राहणारे जे कोणी रेंजवर शूटिंगला जातात, शिकारीला जातात किंवा घरात एक हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर) असावी असं ज्यांना वाटतं, त्यांच्याकडून हा प्रश्न फिरून फिरून येतो, की अरे महिन्यातून एकच बंदूक घेता येते म्हणतात, खरंय का? आणि दरवेळी कोणीतरी छातीठोकपणे हो म्हणतो आणि दुसरा तितक्याच छातीठोकपणे नाही म्हणतो, आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर असतात, कारण एक न्यू जर्सीत राहतो आणि दुसरा टेक्ससमध्ये. म्हणून कोणाला विचारून चालत नाही, नियम स्वतः वाचता आला पाहिजे, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. चार गोष्टी शोधायच्या असतात: कुठली बंदूक मोजतात, दिवस कधीपासून धरतात, सूट कोणाला आहे, आणि हा नियम आज चालू आहे की कोर्टाने बाद केलाय. ही चार उत्तरं हातात आली की तुमचं काम झालं.

आधी फेडरल म्हणजे केंद्राचा कायदा बाजूला काढू, कारण खरा गोंधळ तिथूनच सुरू होतो. अख्ख्या देशाला लागू होईल अशी ‘इतक्या दिवसांत इतक्याच बंदुका’ ही मर्यादा फेडरल कायद्यात नाहीच. १९६८ चा गन कंट्रोल अ‍ॅक्ट आहे, तो कोणी घेऊ नये हे सांगतो, लायसन्सवाल्या डीलरकडून हँडगन घ्यायला वय २१ आणि रायफल-शॉटगनला १८ हे सांगतो, डीलरकडे फॉर्म ४४७३ भरून बॅकग्राउंड चेक होतो, पण किती वेळा घ्यायची यावर तो गप्प आहे. एकाच दिवशी पाच घेतल्या तरी फेडरल कायद्याला हरकत नाही.

मग लोक जे म्हणतात की दोन घेतल्या तर सरकारला कळवतात, ते काय? ते खरं आहे, पण ती मर्यादा नाही, ती फक्त खबर आहे. एकाच डीलरने एकाच माणसाला सलग पाच कामकाजाच्या दिवसांत दोन किंवा जास्त हँडगन विकल्या तर त्याला फॉर्म ३३१०.४ भरून एटीएफला, म्हणजे बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्याला, पाठवावा लागतो आणि एक प्रत राज्याच्या किंवा स्थानिक पोलिसांकडे जाते. कामकाजाचे दिवस म्हणजे राज्याची सरकारी ऑफिसं उघडी असतात ते दिवस, त्यामुळे दुकान शनिवार-रविवार चालू असलं तरी ते दोन दिवस धरत नाहीत. म्हणजे शुक्रवारी एक रिव्हॉल्वर घेतलं आणि पुढच्या गुरुवारी त्याच दुकानातून एक पिस्तूल, तर शुक्रवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार असे बरोबर पाच दिवस होतात आणि रिपोर्ट जातो. तुम्हाला वाटतं मधे आठवडा गेला, कागदावर गेलेला नसतो. २०११ पासून टेक्सस, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्निया या चार राज्यांतल्या डीलरना काही सेमी-ऑटोमॅटिक (दर वेळी चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते अशा) रायफलींसाठीही असाच रिपोर्ट द्यावा लागतो, .२२ पेक्षा मोठ्या कॅलिबरच्या आणि मॅगझिन काढता-घालता येणाऱ्या. रिपोर्ट गेला म्हणजे तुम्ही काही चुकीचं केलं असं अजिबात नाही, पण रिपोर्ट टळावा म्हणून मुद्दाम तारखा फोडायच्या किंवा एक इथून एक तिथून घ्यायची असले उद्योग करू नका, सरळ व्यवहाराला उगाच संशयाचा वास लागतो.

आता राज्यं. मर्यादा ठेवणारी राज्यं मोजकीच आहेत, आणि यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते ती म्हणजे हे नियम येतात, जातात आणि परत येतात. साउथ कॅरोलिनाने १९७५ मध्ये ३० दिवसांत एक हँडगन असा नियम केला आणि २००४ मध्ये काढून टाकला. व्हर्जिनियाने १९९३ मध्ये गव्हर्नर डग्लस वाइल्डर यांच्या काळात केला, कारण तेव्हा न्यूयॉर्ककडच्या गुन्ह्यांत सापडणाऱ्या कितीतरी बंदुका व्हर्जिनियातल्या दुकानांतून विकत घेतलेल्या निघत होत्या, आय-९५ हायवेने वर नेऊन तिथं विकायच्या असा धंदाच चालायचा. तोच नियम व्हर्जिनियाने २०१२ मध्ये रद्द केला आणि १ जुलै २०२० पासून परत आणला. मेरीलँडचा १९९६ चा, कॅलिफोर्नियाचा हँडगनपुरता २००० पासून, न्यू जर्सीचा २०१० पासून, आणि कनेटिकटने तर अगदी अलीकडे, १ ऑक्टोबर २०२३ पासून. म्हणून कोणी सांगितलं की व्हर्जिनियात असलं काही नाही, तर तो खोटं बोलत नसतो, त्याची माहिती २०१२ ते २०२० मधली असते एवढंच. लेख वाचताना आधी खाली जाऊन तारीख बघा आणि मग वर या.

पहिला प्रश्न, कुठली बंदूक मोजतात. इथं कायद्यातला एक-एक शब्द नीट बघावा लागतो. व्हर्जिनियाच्या कायद्यात शब्द आहे हँडगन, म्हणजे पिस्तूल आणि रिव्हॉल्वर, रायफल-शॉटगनला तो नियम लागत नाही. न्यू जर्सीतही मर्यादा हँडगनचीच. कनेटिकटमध्येही हँडगन, पण आकडा वेगळा, ३० दिवसांत तीन, आणि सर्टिफाइड इन्स्ट्रक्टर असाल तर सहा. मेरीलँडच्या कायद्यात मात्र शब्द आहे ‘रेग्युलेटेड फायरआर्म’ आणि त्याची व्याख्या वेगळ्या सेक्शनमध्ये दिलेली आहे, त्यात सगळ्या हँडगन येतात आणि त्याशिवाय नावानिशी यादी केलेल्या काही लांब बंदुकाही (रायफल-शॉटगन) येतात. व्याख्या न वाचता नुसता मर्यादेचा सेक्शन वाचला तर हमखास फसायला होतं. कॅलिफोर्नियाने सुरुवात हँडगनपासून केली, १ जुलै २०२१ पासून सेंटरफायर (काडतुसाच्या तळाच्या मधोमध ठोका बसून उडणाऱ्या) सेमी-ऑटोमॅटिक रायफली त्यात घातल्या, आणि २०२४ सुरू होताच जवळपास सगळ्याच बंदुका. त्या राज्याची पुढची गोष्ट कोर्टाची आहे, ती खाली सांगतो, तोवर कॅलिफोर्नियावाल्यांनी वाचणं थांबवू नका.

दुसरा प्रश्न, दिवस कसे मोजतात. जास्तीत जास्त माणसं इथंच चुकतात, कारण आपण तोंडाने ‘महिन्याला एक’ म्हणतो आणि कायद्यात महिना नसतोच, कायद्यात असतं ‘कुठल्याही ३० दिवसांत’. म्हणजे कॅलेंडरचं पान उलटलं की हिशोब नव्याने सुरू होत नाही, तो तुमच्या मागच्या खरेदीपासून चालू असतो. एक उदाहरण कागदावर करून बघा. ३१ जानेवारीला तुम्ही एक हँडगन घेतली, तो दिवस पहिला धरला तर लीप वर्ष नसताना २८ फेब्रुवारी हा एकोणतिसावा दिवस आणि १ मार्च हा तिसावा. म्हणजे अख्खा फेब्रुवारी गेला तरी तुम्हाला दुसरी घेता येत नाही, २ मार्चला येते. आता उलटं करून बघा, १ मे ला घेतली तर ३० मे ला तीस दिवस भरले, ३१ मे ला दुसरी घेता येते, म्हणजे एकाच मे महिन्यात दोन. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे गैरसमज आपोआप जातात. माझा सल्ला असा की अगदी काठावरच्या दिवशी जाऊच नका, दोन दिवस जास्तीचे सोडा, कारण सिस्टीम दिवस कसे धरते हे काउंटरवरचा माणूस ठरवत नाही.

आणि घड्याळ सुरू कधी होतं, अर्ज भरला तेव्हा की बंदूक हातात आली तेव्हा? हे राज्याराज्यात वेगळं आहे आणि विचारल्याशिवाय कळत नाही. कॅलिफोर्नियाच्या ३० दिवसांत एकच्या नियमात अर्जाची तारीख महत्त्वाची होती, मागच्या ३० दिवसांत दुसरा अर्ज केलेला नसला पाहिजे असा तो लिहिलेला होता. जिथं अर्ज आणि ताबा यांच्यात आठवडा-दहा दिवस जातात तिथं या एका फरकामुळे तुमची पुढची तारीख तेवढी पुढेमागे होते. डीलरला सरळ हाच प्रश्न विचारा, माझे तीस दिवस कुठल्या तारखेपासून धरणार.

याच्या जोडीला वेटिंग पिरियडची भेसळ होते. वेटिंग पिरियड म्हणजे घेतल्यावर हातात मिळेपर्यंत थांबायचे दिवस, कॅलिफोर्नियात १०, मेरीलँडमध्ये रेग्युलेटेड फायरआर्मला ७, हवाईत १४. ती मर्यादा नाही. हवाईत १४ दिवस थांबायचं म्हणजे १४ दिवसांतून एक असा अर्थ होत नाही. तसाच अजून एक ३० चा आकडा फिरत असतो, तो बॅकग्राउंड चेकचा, फॉर्म ४४७३ वरचा चेक ३० दिवस चालतो, तेवढ्यात बंदूक नेली नाही तर चेक परत करावा लागतो. मर्यादेचे ३० दिवस आणि चेकचे ३० दिवस या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी, फक्त आकडा सारखा आहे म्हणून लोक एकात दुसरं घालतात.

न्यू जर्सीचं जरा खोलात सांगतो कारण तिथं दोन घड्याळं एकाच वेळी चालतात आणि माझ्या ओळखीच्या एकाला त्याचा चांगलाच फटका बसला. तिथं प्रत्येक हँडगनसाठी वेगळं परमिट लागतं, पंचवीस डॉलर फी, एक परमिट म्हणजे एक हँडगन, आणि ते मिळाल्यापासून ९० दिवस चालतं. यानं हुशारी केली, परत परत कशाला अर्ज करा म्हणून एकदम तीन परमिटं मागितली, तिन्ही मिळाली १ मार्चला. मग कामाच्या गडबडीत पहिली हँडगन घेतली २० एप्रिलला. आता बघा, दुसरी २० मे च्या आधी नाही, आणि तिसरी १९ जूनच्या आधी नाही, आणि परमिटं संपतात मे च्या शेवटी. म्हणजे तिसरं परमिट हातात असून त्याचा उपयोग शून्य. त्याला कोणीतरी नंतर सांगितलं की योग्य कारण दिलं तर आणखी ९० दिवस मुदत वाढवून मिळू शकते, पण तोवर परमिट गेलेलं होतं. त्याला राग आला तो फीचा नाही, आपण नियम पाळायचाच प्रयत्न करत होतो आणि तरी हात हलवत परत आलो याचा, आणि मला तो राग अगदी पटतो. म्हणून न्यू जर्सीवाल्यांनी एक करायचं, परमिट मिळाल्या दिवशीच कॅलेंडरवर तीन खुणा करायच्या, परमिट कधी संपतं, पहिली खरेदी कधी, आणि तिथून दुसरी-तिसरी कधी. तीन परमिटं घेतली तर पहिल्या खरेदीला उशीर करून चालतच नाही. लांब बंदुकांना मात्र तिथं फायरआर्म्स आयडी कार्ड लागतं आणि ही महिन्याची मर्यादा नाही.

सरकारला कळतं कसं, असाही प्रश्न येतो. एफबीआयचा जो एनआयसीएस बॅकग्राउंड चेक आहे त्यात पास झालेल्या माणसाची ओळख पटेल अशी माहिती २४ तासांच्या आत पुसावी लागते, त्यामुळे ती सिस्टीम तुमच्या खरेद्या मोजू शकतच नाही. म्हणून ज्या राज्यांना मर्यादा ठेवायची आहे ती हा चेक स्वतःच्या यंत्रणेतून करतात, व्हर्जिनियात स्टेट पोलीस, कॅलिफोर्नियात त्यांचं जस्टिस डिपार्टमेंट. त्यामुळे दुसऱ्या गावच्या दुसऱ्या दुकानातून घेतली तर मोजली जाणार नाही ही समजूत काढून टाका, मोजणी दुकानाची नाही, तुमच्या नावाची असते.

तिसरा प्रश्न सूट कोणाला, आणि इथं बहुतेक लोक वाचायचं सोडून देतात, खरं तर कायद्याच्या सेक्शनमध्ये सगळ्यात जास्त जागा यालाच दिलेली असते. व्हर्जिनियात ज्याच्याकडे तिथलं कन्सील्ड हँडगन परमिट, म्हणजे हँडगन लपवून जवळ बाळगायचा परवाना, आहे त्याला ३० दिवसांचा नियम लागतच नाही, हे कितीतरी परमिटवाल्यांनाच माहीत नसतं. ज्याच्याकडे ते परमिट नाही तो स्टेट पोलिसांकडे जास्त कडक तपासणीचा अर्ज करू शकतो, कलेक्शनसाठी, एखाद्याच्या इस्टेटचा सगळा साठा एकदम घ्यायचाय म्हणून, अशा कारणांनी. बंदूक चोरीला गेली किंवा परत मिळणार नाही अशी हरवली तर तिच्या जागी दुसरी घेता येते, पण पोलिसांत तक्रार दिल्याची प्रत दाखवावी लागते, त्यामुळे चोरी झाली की आधी रिपोर्ट आणि मग दुकान. आणि एक छोटी पण कामाची गोष्ट, घेतलेली हँडगन खराब निघाली आणि त्याच दुकानदाराने ३० दिवसांच्या आत बदलून दिली तर ती नवी खरेदी धरत नाहीत. मात्र याच ३० दिवसांत सरळ दुसरी विकत घेतली तर तो क्लास १ मिसडिमीनर आहे, म्हणजे १२ महिन्यांपर्यंत तुरुंग आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड, हे चलन भरून सुटण्यातलं प्रकरण नाही.

मेरीलँडमध्ये ‘डेझिग्नेटेड कलेक्टर’ म्हणून स्टेट पोलिसांकडे नोंद करता येते, तुम्ही हौसेने जमवणारे असाल तर तोच रस्ता, शिवाय एकदम जास्त घ्यायच्या असतील तर त्यांचा मल्टिपल परचेसचा वेगळा अर्ज आहे. न्यू जर्सीत कलेक्टर, स्पर्धेत नेम मारणारे, वारसाहक्काने बंदुका मिळालेले अशांना स्टेट पोलिसांकडे सूट मागता येते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात जुन्या, ५० वर्षांपेक्षा जास्त वयाच्या बंदुका जमवणाऱ्या फेडरल लायसन्सवाल्याला राज्याचं पात्रतेचं सर्टिफिकेट असलं की सूट होती. सूट आपोआप मिळत नसते, बहुतेक ठिकाणी आधी कागद लागतो, काउंटरवर उभं राहून मी कलेक्टर आहे असं सांगून काही होत नाही.

आता एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायची आहे. तीस दिवस भरले नाहीत म्हणून बायकोच्या, भावाच्या किंवा मित्राच्या नावावर घ्यायची, पैसे आपले द्यायचे आणि मग घरी आणायची, हा विचार कोणाच्याही मनात आला तर तो तिथल्या तिथे सोडा. फॉर्म ४४७३ वर प्रश्न असतो की खरा खरेदीदार तुम्हीच आहात का, आणि तिथं खोटं हो लिहिलं की मामला राज्याच्या ३० दिवसांचा राहत नाही, फेडरल गुन्हा होतो. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली एक केस आहे, व्हर्जिनियातल्या एका माजी पोलिसाने आपल्या काकांसाठी एक ग्लॉक घेतली, काकांनी त्याला आधीच ४०० डॉलरचा चेक पाठवला होता, काका पेनसिल्व्हेनियात राहायचे आणि त्यांना स्वतःलाही कायद्याने बंदूक घेता आली असती. तरी कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की खरे खरेदीदार काका होते, तू फॉर्मवर खोटं लिहिलंस. घरातल्या घरात, साध्या मनाने केलेला व्यवहार होता तो. २०२२ च्या फेडरल कायद्याने दुसऱ्यासाठी अशी खरेदी करण्यावर स्वतंत्र कलम आणलं आणि शिक्षा १५ वर्षांपर्यंत नेली. स्वतःच्या पैशाने घेऊन खरोखर भेट देणं वेगळं, त्याला फेडरल कायदा हरकत घेत नाही, पण समोरचा माणूस बंदूक ठेवायला पात्र पाहिजे आणि राज्याचे हस्तांतराचे नियम पाळले पाहिजेत.

तसंच शेजारच्या राज्यात जाऊन घेऊ हा मार्गही नाही. फेडरल कायद्याप्रमाणे हँडगन दुसऱ्या राज्यातून थेट घरी आणता येत नाही, ती तुमच्या राज्यातल्या लायसन्सवाल्या डीलरकडे पाठवावी लागते आणि तिथंच चेक होऊन ती तुम्हाला मिळते, त्यामुळे तुमच्या राज्याची मर्यादा तुमच्या मागोमाग येतेच. रायफल-शॉटगन डीलरकडून दुसऱ्या राज्यात घेता येते, पण ती दोन्ही राज्यांच्या कायद्यात बसली पाहिजे. ऑनलाइन घेतली तरी हेच, वेबसाइटवर पैसे भरणं सोपं, पण बंदूक येते ती डीलरकडेच, आणि तीस दिवस भरले नसतील तर ती तिथं पडून राहते.

चौथा प्रश्न, नियम आज जिवंत आहे का. हा प्रश्न दहा वर्षांपूर्वी फारसा कोणी विचारत नसे, आता विचारावाच लागतो. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ब्रुएन केसचा निकाल दिला आणि सांगितलं की बंदुकीवरचा नियम देशाच्या इतिहासातल्या परंपरेशी जुळला पाहिजे, तेव्हापासून हे मर्यादेचे कायदे एकेक करून कोर्टात ओढले जातायत. त्याच्याही आधी, २०१५ मध्ये, वॉशिंग्टन डीसीचा महिन्याला एकच पिस्तूल नोंदवण्याचा नियम तिथल्या अपील कोर्टाने बाद केला होता. कॅलिफोर्नियाच्या मर्यादेविरुद्ध सॅन दिएगोच्या फेडरल कोर्टाने मार्च २०२४ मध्ये निकाल दिला, त्याला आधी स्थगिती मिळाली, ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठली, आणि २० जून २०२५ ला नाइन्थ सर्किट कोर्टाने निकाल कायम केला, म्हणजे ३० दिवसांत एक हा नियम घटनेत बसत नाही. पण गोष्ट तिथं संपली नाही, त्याच वर्षी राज्याने ३० दिवसांत तीन असा नवा कायदा केला. म्हणून कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी एकची बातमीही खरी आणि ती रद्द झाल्याची बातमीही खरी असं धरून खरेदीच्या आठवड्यात जस्टिस डिपार्टमेंटच्या साइटवरची डीलरसाठीची सूचना वाचायची. न्यूयॉर्क शहराचं तर वेगळंच, तिथला मूळ नियम ९० दिवसांचा, आणि तोही कोर्टात गेलेला, म्हणजे राज्याचा कायदा वाचून झाला तरी शहराचा वेगळा बघायला लागतो अशी ठिकाणं आहेत. टेक्सस आणि फ्लोरिडात उलट आहे, तिथं राज्याच्या कायद्याने शहरांना आणि काउंटींना असले स्वतःचे नियम करायला मनाई आहे.

आणि नाइन्थ सर्किटचा निकाल मेरीलँडला लागू होत नाही, हेही लक्षात ठेवा. सर्किट म्हणजे काही राज्यांचं मिळून असलेलं फेडरल अपील कोर्ट, आणि प्रत्येक सर्किटचा अधिकार त्याच्या राज्यांपुरता. कॅलिफोर्नियात बाद झालं म्हणून न्यू जर्सीतल्या दुकानात जाऊन वाद घालणाऱ्यांना काउंटरवरचा माणूस काय सांगणार, त्याचं लायसन्स पणाला लागलेलं असतं.

व्हिसावर असलेल्यांसाठी थोडं थांबतो, कारण आपल्या लोकांत हेच जास्त लागतं आणि याबद्दल फार अर्धवट माहिती फिरते. एच-१बी, एच-४, एफ-१ असे जे नॉन-इमिग्रंट व्हिसा आहेत त्यांच्यावर आलेल्यांना फेडरल कायद्याने मुळात बंदूक घेणं आणि जवळ ठेवणं दोन्ही मना आहे, महिन्यातून किती वेळा हा प्रश्नच तिथं येत नाही. त्याला काही अपवाद आहेत, त्यातला लोकांना माहीत असलेला म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू असलेलं हंटिंग लायसन्स. चालू असलेलं, हा शब्द महत्त्वाचा, ते संपलं आणि बंदूक घरात राहिली तर तुम्ही त्या दिवसापासून अडचणीत. ग्रीन कार्डवाल्यांना फेडरल कायद्यात ही मनाई नाही. व्हिसावर असाल तर मी मनापासून सांगतो, आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, कारण इथली चूक दंड भरून मिटत नाही, ती तुमच्या स्टेटसवर येते.

आता प्रत्यक्ष शोधायचं कसं. राज्याच्या विधिमंडळाची साइट उघडा आणि मूळ सेक्शन काढा, व्हर्जिनियाचा १८.२-३०८.२:२, मेरीलँडचा पब्लिक सेफ्टीमधला ५-१२८, कॅलिफोर्नियाचा पीनल कोड २७५३५, न्यू जर्सीचा २सी:५८-३. सेक्शन लांबलचक दिसतो म्हणून घाबरू नका, पेजवरच्या सर्चमध्ये ‘थर्टी’ हा शब्द किंवा ३० आकडा टाका, बहुतेक वेळा सरळ त्या ओळीवर जाता. ती ओळ वाचली की तिथंच थांबू नका, त्याखालच्या सूटीच्या ओळी वाचा, मग ज्या शब्दाने बंदूक म्हटलंय त्या शब्दाची व्याख्या वाचा, आणि शेवटी सेक्शनच्या तळाशी कायदा कधी बदलला त्याची वर्षं असतात ती बघा. त्यानंतर राज्याच्या पोलिसांचं किंवा जस्टिस डिपार्टमेंटचं फायरआर्म्सचं पान उघडा, कोर्टाने काही बदललं असेल तर ते तिथं आधी दिसतं, कायद्याच्या पुस्तकात जुनी ओळ तशीच राहिलेली असू शकते.

मग डीलरला फोन. तुमच्या राज्यात मर्यादा आहे का असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघम येतं, त्यापेक्षा असं विचारा: मी अमुक तारखेला एक हँडगन घेतली, आता मला ही दुसरी घ्यायची आहे, तुमच्या हिशोबाने मी कुठल्या तारखेला अर्ज करू शकतो, आणि माझ्याकडे हे परमिट आहे त्याने काही फरक पडतो का. चांगला डीलर लगेच तारीख सांगतो. जो म्हणतो बघू, या तर खरं, त्याच्याकडे डिपॉझिट भरू नका, कारण अर्ज परत आला तर पैसे परत मिळवणं हे वेगळं दुखणं होऊन बसतं.

आणि प्रत्येक खरेदीची पावती जपून ठेवा, तिच्या मागे दोन तारखा पेनने लिहा, अर्ज भरल्याची आणि बंदूक हातात आल्याची, कारण पुढच्या वेळी तीस दिवस मोजायला बसाल तेव्हा यातली नेमकी कुठली लागेल ते राज्यावर अवलंबून आहे.